काचेपलीकडचा मासा

कुरकुंभहून सुट्टीत मुंबईस जाणारी आपली कुटुंबे १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहत असत. २०१५ साली तेथे पारदर्शक बोगदा झाला व मासे डोक्यावरून पोहू लागले. मुले हरखत, हे योग्यच. पण केवळ पाहण्याच्या आनंदासाठी जीव कोंडण्याचा अधिकार आपणांस आहे काय? उत्पत्तीच्या पुस्तकात माशांवरील सत्ता मानवास सहाव्या दिवशी मिळते. परमेश्वराचा पहिला आशीर्वाद मात्र पाचव्या दिवशीच जलचरांना व पाखरांना लाभलेला आहे. तेव्हा आपण धनी नव्हे, कारभारीच. काचेतल्या माशाचे पाणी गाळून, तपासून राखावे लागते. तिकिटाच्या पैशांत तेही आलेच. दौंडजवळ भीमेतही मासे आहेत. ते पाहायला तिकीट नाही. रासायनिक वसाहतीवर आपल्या कित्येक चुली पेटतात, म्हणून नदीच्या पाण्याची विचारपूस आपण जेवताना सहसा काढत नाही.