शेताचा कोपरा

वचनपाठ : लेवीय १९:९-१० व रूथ, अध्याय २



एका जुन्या चित्राच्या छापील प्रती जगभर घराघरांत, शाळांत आणि दिनदर्शिकांवर पाहावयास मिळतात. कापणी झालेल्या शेतात तीन गरीब बाया आहेत. दोघी कमरेत वाकून गव्हाच्या ओंब्या वेचीत आहेत. तिसरी अर्धवट वाकलेली असून तिच्या हातात लहानशी जुडी आहे. तिघींचेही चेहरे नीट दिसत नाहीत. झाँ-फ्राँस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराने हे चित्र १८५७ साली पुरे केले. आपल्या भाषेत त्याला नाव देणे अवघड नाही, कारण आपल्या शेतकऱ्यांपाशी व आपल्या पवित्र शास्त्रात तो शब्द आहेच : सरवा. हे सरवा वेचणाऱ्यांचे चित्र आहे.

मिले १८१४ साली नॉर्मंडी प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात जन्मला. शेतीची कामे त्याने स्वतः केली होती. १८५३ साली त्याने कापणी करणाऱ्यांच्या विसाव्याचे जे चित्र प्रदर्शनात मांडले, ते त्याने प्रथम रूथ व बवाज यांचे म्हणून योजले होते. तेव्हा या तीन बायांकडे पाहताना आपणास रूथ आठवली, तर ते वावगे नव्हे.

हे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागले, तेव्हा काही टीकाकार अस्वस्थ झाले. १८४८ च्या क्रांतीला अवघी नऊ वर्षे झाली होती. दरिद्री बायांना एवढे मोठे स्थान दिलेले पाहून त्यांना त्यात बंडाची धमकी दिसली. आज मात्र तेच चित्र आपण शोभेसाठी लावतो. असे का व्हावे?

एक कारण आपल्या हातातील प्रतीतच आहे. मूळ चित्र सुमारे ८४ सेंटिमीटर उंच व ११० सेंटिमीटर रुंद आहे. ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्यात बायांच्या पाठीमागे, दूर उन्हात, धान्याच्या उंच गंजी आहेत, भरलेली गाडी आहे, कापणी करणाऱ्यांची गर्दी आहे, आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला कारभारी आहे. कार्डाएवढ्या प्रतीत तो घोडेस्वार ठिपक्याएवढा होतो. कडा कापून चौकट बसविली, तर तो नाहीसाच होतो. मग उरतात फक्त तीन वाकलेल्या बाया, आणि त्यांचे दारिद्र्य डोळ्यांना सुंदर वाटू लागते. पाठीमागची विपुलता दिसली, म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो : एवढे पीक असताना या मूठभर ओंब्यांसाठी का वाकल्या आहेत?

परमेश्वराने आपल्या लोकांना नियमशास्त्र दिले, तेव्हा हा प्रश्न सोडला नाही. शेताचे कोपरे झाडून कापू नयेत, पडलेला सरवा मालकाने उचलू नये, तो गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्यावा, अशी त्याची आज्ञा आहे. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. सारे पीक घरी न्या आणि मग दारी येणाऱ्याला ओंजळभर द्या, असे देव सांगत नाही. कोपरा मुळातच आपला समजू नका, असे तो सांगतो. गरिबाने हात पसरावयाचा नाही. त्याने आपल्या हातांनी वेचावयाचे आहे. देणाऱ्याचा लोभ आवरावा आणि घेणाऱ्याची मान ताठ राहावी, अशी ही व्यवस्था आहे.

रूथ विधवा होती, आणि परकीही होती. बवाज बेथलेहेमाहून शेतात आला, तेव्हा चित्रातल्या कारभाऱ्यासारखा तो दूर राहिला नाही. ही तरुणी कोण, अशी त्याने चौकशी केली. तिला जेवणात सामील करून घेतले. तिला कोणी लाजवू नये, अशी गड्यांना ताकीद दिली. आणि पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाका, म्हणजे तिला वेचता येईल, असे सांगितले. नियमशास्त्राने सरवा मागितला होता; बवाजाने पेंढीतले दिले. येथे नियमशास्त्राच्या पुढे कृपा गेली. त्याच शेतातून ओबेदाचा, दावीदाचा आणि अखेर आपल्या प्रभू येशूचा वंश चालला, हे मत्तयाचा पहिला अध्याय आपणास सांगतो.

आता आपल्याकडे वळू या. आपल्यापैकी पुष्कळांना शेत नाही, पण कोपरा प्रत्येकाला आहे. कामवाल्या बाईचा दोन दिवसांचा खाडा आपण पैशाने वसूल करतो काय? भाजीवालीशी शेवटच्या रुपयासाठी घासाघीस करतो काय? मंडळीतल्या विधवेला मदत देताना तिचे नाव सर्वांसमोर वाचून दाखवितो काय? कोपरे झाडून कापणे ते हेच, आणि रूथला लाजविणे तेही हेच.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा हॉलंडमधील एका पाळकाचा मुलगा. १८७९ साली तो बेल्जमच्या कोळसा-खाणींत राबणाऱ्यांना सुवार्ता सांगत होता, आणि त्यांच्यात राहून आपली वस्त्रेही त्याने देऊन टाकली. पुढे तो चित्रकार झाला. १८८९-९० मध्ये मनाच्या आजाराने तो रुग्णाश्रमात असता त्याच्यापाशी मिलेच्या चित्रांच्या काळ्या शाईत छापलेल्या प्रती होत्या. त्यांवरून त्याने वीसएक चित्रे रंगविली. शाईत नव्हते ते रंग त्याने आपल्यापाशी होते त्यांतून भरले. बंधूंनो, आपल्याही हाती काळ्या शाईत छापलेले वचन आहे. ते भिंतीवर लावून भागत नाही. त्यात रंग भरावयाचे ते आपल्या जगण्याने.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी रूथचा पाठ शिकविताना या चित्राची मोठी, न कापलेली प्रत मिळवावी. मुलांना प्रथम तीन बाया दाखवाव्यात, मग घोडेस्वार शोधावयास लावावे. तो सापडला म्हणजे विचारावे : बवाज त्या जागी असता, तर चित्र कसे झाले असते? उत्तर मुलांनाच देऊ द्यावे.

हे प्रभू, जे पीक तू दिलेस त्यातला कोपरा आमचा नव्हे, हे आम्हांला शिकव. ज्यांचे चेहरे आम्ही पाहिले नाहीत, त्यांच्याजवळ आम्हांला ने. आमेन.