पावसाचे पाणी आणि शेजारधर्म

पंधरा वर्षांपूर्वी मी आपल्या घराचे अंगण फरसबंद करून घेतले. पावसाळ्यात चिखल होई, चपलांबरोबर माती घरात येई आणि घरच्या मंडळींची नित्य कुरकुर असे. मुरमाच्या अंगणावर शहाबादी फरशी बसली, तिला रस्त्याकडे बेताचा ढाळ दिला गेला आणि पुढच्या आषाढात सरीमागून सरीचे पाणी पाहता पाहता अंगणाबाहेर जाताना पाहून आम्हा सर्वांस समाधान वाटले. ते पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही. तो पडावयास २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र यावी लागली.

त्या रात्री पुण्यात आंबील ओढ्यास पूर आला. कात्रजच्या डोंगरात उगम पावून पर्वतीच्या बाजूने मुठेस मिळणारा हा ओढा एरवी पुणेकरांच्या खिजगणतीतही नसतो. काही तासांच्या पावसाने तो काठच्या वस्त्यांत शिरला; भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि शहरात व आसपास मिळून विसांहून अधिक माणसे प्राणास मुकली. आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंचे घर त्याच ओढ्याकाठी आहे. तिसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या, तेव्हा एवढेच म्हणाल्या, "वरनं एवढं पाणी आलं कुठनं, तेच कळंना." मी काही बोललो नाही. आमचे घर त्याच ओढ्याच्या चढावर आहे.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. माझे अंगण व छप्पर मिळून सुमारे दोनशे चौरस मीटर भरेल. म्हणजे पन्नास मिलिमीटर पावसाचे दहा हजार लिटर पाणी झाले. अंगणावर पडलेल्या पाण्यातील काही वाटा पूर्वी मुरूम व झाडांची आळी पीत असत, उरलेले रेंगाळत जाई. आता सारेच धावत जाते. दहा हजार लिटरांनी ओढ्यास पूर येत नाही, असे मी स्वतःस बजावतो आणि ते खरेही आहे. परंतु त्या चढावर अशी हजारो छपरे व अंगणे आहेत आणि प्रत्येकाचा धनी हेच वाक्य तितक्याच खरेपणाने उच्चारू शकतो. मग पुरास हातभार लावला कोणी?

आपल्या नीतिविचारास हा प्रश्न अवघड वाटतो. अपराध म्हटला की त्यास एक कर्ता हवा, त्याचा काही हेतू हवा आणि त्याने दुखावलेला कोणी ओळखता येण्याजोगा मनुष्य हवा. येथे कर्ते असंख्य, हेतू निर्मळ, आणि दुखावलेला मनुष्य दोन कोस खाली. म्हणून आपण एक तर आभाळास बोल लावतो, नाही तर नगरपालिकेस. दोघांचाही वाटा असेलच. पण त्यामुळे आपला वाटा शून्य होतो, हे अनुमान तर्कास धरून नाही. हजार शून्ये मिळवून पूर होत नाही.

या बाबतीत प्राचीन रोमन लोक आपल्याहून सावध होते. पावसाच्या पाण्याने होणाऱ्या उपद्रवाविरुद्ध दाद मागण्याची सोय त्यांच्या कायद्यात फार जुन्या काळापासून होती. तिचे तत्त्व असे : वरच्या शेतातून स्वभावतः उतरणारे पाणी खालच्याने सोसले पाहिजे, परंतु वरच्याने बांधकाम करून त्या पाण्याचा ओघ खालच्यास अपाय होईल असा बदलता कामा नये. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील काही न्यायालयांनी पावसाचे पाणी हा सर्वांचा सामायिक शत्रू मानला आणि ज्याने त्याने तो आपल्या हद्दीबाहेर हाकलावा, असा नियम पत्करला. माझ्या अंगणाचा ढाळ याच दुसऱ्या नियमाने काढलेला आहे. आपल्या शहरांची गटारेही त्याच विचाराची लेकरे होत. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा 'बाहेर' म्हणून काही उरलेच नाही.

आता जाणते लोक निराळी वाट सांगतात. पाणी पडेल तेथेच त्यास थोडे थांबवावे : डोंगरउतारावर समतल चर, ओढ्याकाठी झाडांचा पट्टा, रस्त्याकडेस खोलगट वाफे, पाणी झिरपू देणारी फरसबंदी. आपणांस ही कल्पना परकी वाटू नये. पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तलाव बांधून त्याच खोऱ्याचे पाणी भुयारी नळाने शहराच्या हौदांत खेळविले गेले होते. फिलाडेल्फिया शहराने २०११ साली पंचवीस वर्षांची अशीच योजना अंगीकारली. हिरव्या केलेल्या प्रत्येक एकराने पहिला इंचभर पाऊस सांभाळावा, असे तिचे माप आहे. त्याआधी २०१० पासून तेथे निवासेतर मिळकतींवर पाणी न मुरणाऱ्या जागेच्या प्रमाणात आकार बसविण्यास आरंभ झाला. ज्याचा ढाळ, त्याचा भार, हा न्याय त्यात आहे.

यावर आक्षेप येतील. वाफे आणि चर यांनी २००५ सारखा प्रलय थोपणार नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुरण्यासही मर्यादा आहे. हे दोन्ही मला मान्य आहे. परंतु प्रत्येक पूर टाळणे हे कोणाचेच कर्तव्य असू शकत नाही. त्यात आपली भर न घालणे हे मात्र प्रत्येकाचे आहे. अधिक बोचणारी गोष्ट निराळीच. पूर येऊन गेला की ओढा रुंद करण्याची भाषा सुरू होते, आणि रुंदीकरण म्हणजे बहुधा काठच्या गरिबांची घरे हलविणे. त्यांतील काहींना मुळात तेथे राहणेच धोक्याचे आहे, हे खरे; पण चढावरच्या आम्ही एकही फरशी न उचलता उतारावरच्यांनी घर उचलावे, हा कोणता न्याय?

गेल्या उन्हाळ्यात मी निम्मे अंगण उखडून घेतले. रस्त्याकडच्या कडेस गोटे भरून एक खोलगट वाफा केला, त्यात कर्दळ व अळू लावले. पहिल्या जोराच्या सरीत तो भरला आणि उरलेले पाणी पूर्ववत् रस्त्यावर गेले. म्हणजे ऋण फिटले नाही, थोडे कमी झाले एवढेच. बाईंनी विचारले, "चांगली फरशी काढली कशाला?" मी म्हणालो, "खाली पाणी कमी जावं म्हणून." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्या कामास लागल्या. अंगणात पुन्हा चिखल होतो आणि घरात पुन्हा कुरकुर चालते.