वाहणाऱ्याचा विसावा

करमणूक हा नीतिविचाराचा विषय आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रायश्चित्त संस्कारासाठी गुडघे टेकताना माणसाला आपला राग आठवतो, खोटे बोलणे आठवते, देण्याघेण्यातील लबाडी आठवते. गेल्या महिन्यातील सहल मात्र आठवत नाही. सहल म्हणजे निर्दोष आनंद अशी आपली समजूत असते आणि ती बव्हंशी खरीही आहे. देवाने निर्माण केलेली सृष्टी त्याला स्वतःला चांगली वाटली, असे पवित्र शास्त्राचे पहिलेच पान सांगते. मग ती पाहून आपण आनंदित होणे हे पाप कसे ठरेल? परंतु आनंद निर्दोष असला तरी त्याचे ओझे कोणीतरी वाहत असते. ते कोण वाहते, किती वाहते आणि ओझे उतरल्यावर त्या वाहणाऱ्याचे काय होते, हे प्रश्न नीतीचेच आहेत. त्यांचा विचार आम्ही येथे एका साध्या उदाहरणावरून करू इच्छितो. ते उदाहरण म्हणजे तळ्याकाठच्या वाटेने केलेली घोड्यावरची रपेट.

आपल्या उपनगरांतील माणसाला हे उदाहरण परके नाही. अंधेरी असो की बोरिवली, घाटकोपर असो की मुलुंड, आपल्या धर्मग्रामांच्या, शाळांच्या आणि महिला मंडळांच्या सहली माथेरानला जातच आल्या आहेत. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर चढले आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरानचा लौकिक सुरू झाला. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली नेरळची छोटी रेल्वे १९०७ साली डोंगरावर पोहोचली. मोटारीला मात्र गावात मज्जाव राहिला. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर तो अधिकच दृढ झाला. त्यामुळे मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात आणि पुढे तांबड्या मातीची वाट लागते. तेथेच घोडे उभे असतात. गावातून निघालेली एक वाट गर्द झाडीतून शार्लट तलावाकडे जाते. या तळ्याचे पाणी माथेरानने पिढ्यान्‌पिढ्या प्यायले आहे. काठी पिसारनाथाचे देऊळ आहे आणि पुढे एको पॉइंट, लुईझा पॉइंट आहेत. उन्हाच्या वेळीही येथे सावली असते. लोकलच्या गर्दीत आणि दोन खोल्यांच्या संसारात जगणाऱ्या माणसाला येथे आल्यावर छाती भरून श्वास घ्यावासा वाटला तर नवल नाही.

या वाटेवर तिघे जण जाताना दिसतात. एक पायी हिंडणारा, दुसरा घोड्यावर बसलेला आणि तिसरा त्या घोड्याचा लगाम धरून चालणारा. पहिल्याकडे आणि दुसऱ्याकडे आपले लक्ष जाते. तिसऱ्याकडे सहसा जात नाही. वास्तविक पहिला आणि तिसरा एकाच धुळीतून आणि एकाच चढावरून चालत असतात. पण एकाचे चालणे म्हणजे सुट्टी आणि दुसऱ्याचे चालणे म्हणजे रोजगार. एक जण परतल्यावर आपण किती चाललो हे चार लोकांना कौतुकाने सांगतो. दुसरा तीच वाट दिवसातून अनेकदा तुडवतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. या दोघांच्या मध्ये घोडा असतो. त्याला सुट्टीही नाही आणि रोजगारही नाही. त्याच्या वाट्याला चंदी, वैरण आणि मालकाच्या मनात असेल तेवढी माया येते.

धर्मग्रामाच्या सहलीत यावरून हटकून वाद होतो. युवक मंडळातील मुले म्हणतात, मुक्या जनावरावर बसून मौज करणे हे क्रौर्य आहे. आपण सारे पायी जाऊ. वडीलधारी मंडळी म्हणतात, आमचे गुडघे तुमच्यासारखे नाहीत. शिवाय घोड्यावर बसू नये असे कोणत्या आज्ञेत लिहिले आहे? दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहे आणि दोन्हींत सत्याचा अंश आहे असे आम्हांला वाटते. परंतु दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी थांबतात. 'बसावे की बसू नये' एवढ्यावर त्यांचा विचार संपतो. शास्त्राचा विचार तेथून पुढे सुरू होतो.

माणसाला इतर प्राण्यांवर सत्ता दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. या एका वचनाच्या आधारे माणसाने पुष्कळ मनमानी केली आहे. पण ज्या देवाच्या प्रतिमेत आपण निर्माण झालो, तो आपली सत्ता कशी चालवतो हे पाहिल्यावाचून या सत्तेचा अर्थ लागत नाही. तो देव सातव्या दिवशी विसावतो. आणि स्वतः विसावून थांबत नाही, तर विसाव्याची आज्ञा देतो. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात शब्बाथाचे कारण सांगितले आहे ते वाचण्यासारखे आहे. बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या मुलाला आणि उपऱ्याला हुशारी वाटावी, यासाठी काम थांबवायचे आहे. जनावर आणि मजूर यांची नावे येथे एकाच दमात घेतली आहेत. जो धनी आपल्या बैलाला विसावा देत नाही तो आपल्या गड्यालाही देणार नाही, हे शास्त्रकर्त्याला पक्के ठाऊक होते. आपल्या शेतकऱ्यालाही ते ठाऊक आहे. पोळ्याच्या दिवशी तो बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही.

मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, असेही नियमशास्त्र सांगते. संत पौलाने या वचनाचा आधार घेऊन करिंथकरांना विचारले की देवाला बैलांचीच चिंता आहे काय, आणि ते वचन कष्ट करणाऱ्या प्रेषितांना लावले. यावरून देवाला बैलाची पर्वा नाही असा अर्थ काही जण काढतात. आम्हांला तो पटत नाही. बैलाला न्याय मिळावा हे आधी मान्य असेल, तरच 'मग माणसाला तो किती अधिक मिळावा' हा युक्तिवाद उभा राहतो. पायाच काढून घेतला तर वरचा मजला टिकत नाही.

बलामाच्या गाढवीची कथा सर्वांना माहीत आहे. वाटेत उभा असलेला देवदूत तिला दिसला, पाठीवर बसलेल्या द्रष्ट्याला दिसला नाही. आणि तिने वाट सोडली म्हणून त्याने तिला तीनदा मारले. जो वर बसतो त्याला दूरचे दिसते, पण पायाखालचे दिसत नाही, असा या कथेचा एक बोध आम्ही घेतो. संत इग्नाती यांच्या चरित्रातही असा प्रसंग आहे. १५२२ साली माँसेरातच्या वाटेवर असताना पवित्र मरियेविषयी वाद घालणाऱ्या एका मूरला खंजिराने ठार मारावे की नाही, याचा त्यांना निर्णय होईना. शेवटी दोन वाटा फुटतात तेथे त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर मूरच्या गावाची रुंद वाट सोडून दुसऱ्या वाटेने गेले आणि पुढे संत होणाऱ्या त्या माणसाच्या हातून खून टळला. वाहणारा प्राणी आपल्या उद्धाराच्या वाटेवर असा नकळत उभा असतो. आपल्याकडे संत एकनाथांनी रामेश्वराला नेत असलेले गंगेचे पाणी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजले, ही आख्यायिका तर मराठी मुलाने शाळेतच ऐकलेली असते. यात्रा अपुरी राहिली असे नाथांना वाटले नाही. ती तेथेच पूर्ण झाली.

तरीही प्राण्याची सेवा घेऊच नये, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. १९९२ साली सिद्ध झालेला श्रद्धाशिकवणीचा ग्रंथ प्राण्यांना माणसाळवून कामात आणि विरंगुळ्यातही त्यांचे साहाय्य घेण्यास मोकळीक देतो. त्याच ओघात तो सांगतो की प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही. येथे प्रतिष्ठा घोड्याची नव्हे, स्वाराची पणाला लागलेली आहे, हे ध्यानात घ्यावे. लंगडणाऱ्या घोड्यावर बसून फोटो काढून घेणारा माणूस घोड्याला दुखवतोच, पण स्वतः माणूस म्हणून उणा होतो.

मग माप कोणते? आम्हांला ते झावळ्यांच्या रविवारच्या शुभवर्तमानात सापडते. येरुशलेमेत प्रवेश करण्यापूर्वी प्रभूने शिंगरू आणण्यासाठी दोन शिष्यांना पाठवले. कोणी विचारले तर काय उत्तर द्यावे, हेही त्याने सांगून ठेवले. संत मार्काने नोंदवलेल्या त्या उत्तरात दोन गोष्टी आहेत: प्रभूला शिंगराची गरज आहे, आणि तो ते लगेच परत पाठवील. सृष्टीच्या धन्याने एक शिंगरू मागून घेतले, गरज सांगितली आणि परत करण्याचे वचन दिले. गरज आणि परतफेड या दोन कसोट्यांवर आपली प्रत्येक रपेट घासून पाहता येईल.

पहिली कसोटी गरजेची. विरंगुळा हीदेखील गरज आहे, हे आम्ही मान्य करतो. वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेल्या आजीला तळ्याचे दर्शन घडावे ही इच्छा चैन नव्हे. परंतु धडधाकट तरुणाने पायी सहज जाता येईल अशा वाटेवर घोडा दौडवावा, धापा टाकणाऱ्या जनावराला टाच मारावी, यात गरज कोठे आहे? दुसरी कसोटी परतफेडीची. घेतले तसे परत करणे, म्हणजे दमलेल्याला विसावा, तहानलेल्याला पाणी आणि कष्टाला पुरेसे मोल देणे. ठरलेल्या भाड्यात घासाघीस करून पन्नास रुपये वाचवणारा स्वार ते पन्नास रुपये घोड्याच्या चंदीतून काढतो, हे त्याला दिसत नसले तरी खरे आहे.

अलीकडे हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. मुंबईत मौजेखातर चालणाऱ्या घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या आणि त्यांवर पोट असणाऱ्यांचे पुनर्वसन करण्यास सरकारला सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा माणुसकीला सोडून असल्याचे सांगून ती प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षाच्या द्वारे उपजीविका देण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढू नये, हे सांगायला स्वतंत्र भारताला इतकी वर्षे लागली याचा खेद वाटतो. पण दोन्ही निर्णयांत वाहणाऱ्याच्या पोटाचा विचार विसरला गेला नाही, हे महत्त्वाचे आहे. कारण केवळ 'मी बसणार नाही' असे म्हटल्याने कर्तव्य संपत नाही. पावसाळ्यात माथेरान ओस पडते, तेव्हाही घोडा दोन वेळा खातो. ज्या दिवशी कोणीही बसणार नाही त्या दिवशी त्या घोड्याचे आणि घोडेवाल्याच्या मुलांचे काय, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याची भूतदया अजून अर्ध्या वाटेवरच आहे.

घोड्यासंबंधी जे खरे, तेच तळ्यासंबंधीही खरे आहे. कारण तळेही आपल्याला वाहते. आपल्या उपनगरांच्या मधोमध विहार, तुळशी आणि पवई हे तीन तलाव आहेत. विहार १८६० साली पूर्ण झाला, तुळशी १८७९ साली आणि पवई त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. पहिले दोन आजही मुंबईला पाणी पाजतात. त्यांच्या काठी आपल्याला मनमुराद हिंडता येत नाही. जंगल आणि पाणी यांच्या रक्षणासाठी ती बंदी आहे. काहींना ती जाचक वाटते. आम्हांला मात्र तो त्या तळ्यांचा शब्बाथ वाटतो. पवईचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. तेथे सांडपाणी आणि जलपर्णी यांचे ओझे साचत आले आहे, तरी मगरींनी ते तळे सोडलेले नाही. तेथे काठाने सायकलींसाठी आणि चालण्यासाठी मार्ग बांधण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले होते. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. मार्ग बांधणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. लोकांना तळ्याकाठी फिरता यावे ही इच्छा चांगलीच आहे. पण तळे पाहण्याच्या ओढीने तळ्यातच भराव घालावा, हे थकलेल्या घोड्यावर आणखी एक स्वार बसवण्यासारखे आहे. गरजेची कसोटी तेथे कदाचित टिकली असती. परतफेडीची टिकली नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे ऐकू नयेत, असे आवर्जून सांगितले. माथेरानच्या वाटेवर ही शिकवण चालताना दिसते. घोडा दमतो तेव्हा घोडेवालाही दमलेला असतो. वाट झिजते तेव्हा तळ्यात गाळ जातो. एकाचे ओझे दुसऱ्यापासून तोडता येत नाही.

म्हणून आपल्या सहलींसाठी आमची सूचना साधी आहे. ज्याला चालता येते त्याने चालावे. ज्याला येत नाही त्याने निःशंक मनाने घोड्यावर बसावे. पण बसण्यापूर्वी घोड्याचे पाय आणि पाठ पाहावी, घोडेवाल्याला त्याचे नाव विचारावे, आणि चढावर त्याने थांबायचे म्हटले तर घड्याळाकडे बघू नये. भाडे पुरे द्यावे. तळ्याकाठी शिदोरी सोडली तर तिचा कागदही मागे ठेवू नये. आणि रविवारी मिस्सा झाल्यावर आपण विसावा घेतो, तेव्हा आठवडाभर आपल्याला कोणी कोणी वाहिले याची मनोमन यादी करावी: घरकामाची बाई, पाणी सोडणारा कामगार, लोकलचा मोटरमन, तळे, माती, मुके जनावर. त्यांतील कोणाकोणाला आज विसावा आहे, असे स्वतःला विचारावे. शब्बाथाची आज्ञा पाळली की नाही, हे त्या उत्तरावरून कळेल.