सही नसलेली तक्रार

गाडी घ्यायला निघालेला माणूस दोन-चार शोरूम फिरतोच. विमा कुठे स्वस्त पडतो, सीट कव्हर कोण फुकट देतो, याची चाचपणी करतो. एकाच कंपनीच्या चार विक्रेत्यांकडे सवलतीचा आकडा तोच निघाला, की तो समजून जातो : किंमत ठरलेली आहे. ती कोण ठरवतो आणि कशी टिकवतो, हे भारतीय स्पर्धा आयोगापुढे आले ते एका निनावी ई-मेलमुळे.

लिहिणारा स्वतःला मारुती सुझुकीचा विक्रेता म्हणवत होता. पुणे-नागपूर ज्यात येतात, त्या विभागात कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीपलीकडे सूट देता येत नाही, दिली तर दंड होतो, अशी त्याची तक्रार होती. 23 ऑगस्ट 2021 च्या आदेशात आयोगाने ही यंत्रणा तपशिलाने मांडली. गिऱ्हाईक म्हणून पाठवलेली माणसे, त्यांनी गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण, मग विक्रेत्याकडे खुलाशाची मागणी आणि खुलासा न पटल्यास दंड. तो शोरूमलाच नव्हे, तिथल्या सेल्स एक्झिक्युटिव्हलाही. दंडाची रक्कम कुठे भरायची, तेही कंपनीच सांगायची. आयोगाने कंपनीला 200 कोटींचा दंड केला. कंपनी अपिलात गेली आणि 10 टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर तिला त्याच नोव्हेंबरात स्थगिती मिळाली.

मला या साऱ्यात दंडापेक्षा त्या ई-मेलखाली नसलेली सही मोठी वाटते. कोट्यवधी गुंतवलेला व्यापारी स्वतःच्या नावाने तक्रार का करत नाही?

उत्तर करारात आहे. विक्रेता जागा घेतो, कंपनीच्या आराखड्याप्रमाणे शोरूम आणि वर्कशॉप उभारतो, गाड्यांच्या साठ्यासाठी बँकेचे कर्ज काढतो. दुसऱ्या कंपनीची गाडी विकायची तर आधी या कंपनीची संमती हवी. कंपनीचा फलक उतरला, की त्या काचेच्या इमारतीची किंमत निम्मीही उरत नाही. मग सूट किती द्यायची, हे त्याला फारसे सांगावेही लागत नाही.

एकाच ब्रँडच्या अटीला बाजूच नाही, असे नव्हे. कंपनीने मेकॅनिक शिकवून तयार करायचे आणि त्याच छपराखाली प्रतिस्पर्ध्याची गाडी विकली जायची, हे कोणाला रुचेल? म्हणूनच स्पर्धा कायद्याचे कलम 3(4) अशा करारांना सरसकट बेकायदा ठरवत नाही. स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो का, एवढेच तपासते. ह्युंदाई प्रकरणात 2017 मध्ये आयोगाने सवलतींवरील नियंत्रणासाठी 87 कोटींचा दंड केला, पण संमतीच्या अटीत त्याला उल्लंघन दिसले नाही. पुढे अपिलात तो दंडही रद्द झाला. युरोपने 2002 च्या नियमावलीने अनेक ब्रँड एकत्र विकण्याची वाट मोकळी केली आणि 2010 मध्ये, कंपन्यांतच पुरेशी चुरस आहे असे म्हणत, नव्या गाड्यांच्या विक्रीसाठीचे खास नियम मागे घेतले. आपल्याकडे मात्र दहांतल्या चारेक गाड्या एकाच कंपनीच्या असतात. युरोपचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा कसा लागू होईल?

माझा आक्षेप अटीला नाही, ती वेगळी काढून तपासण्याला आहे. बांधिलकीतून परावलंबन येते आणि परावलंबनाच्या जोरावर किंमत आवळता येते. आयोग या गोष्टी दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो आणि पहिलीला निर्दोष सोडतो.

अमेरिकेने 1956 मध्येच विक्रेत्याला कंपनीविरुद्ध न्यायालयात जाण्याचा खास हक्क दिला. राज्यांनी सबळ कारणाशिवाय करार मोडण्यावर बंधने घातली. (काही राज्यांत तर कंपनीने ग्राहकाला थेट गाडी विकण्यावरही बंदी आहे, टेस्लाला त्याचा चांगलाच जाच झाला. इतके पुढे जाण्याची गरज नाही.) आपल्याकडे जनरल मोटर्सने 2017 मध्ये देशातली विक्री थांबवली, 2021 मध्ये फोर्डने इथले उत्पादन आवरते घेतले, तेव्हा विक्रेत्यांच्या हाती असा कोणताही खास कायदा नव्हता.

कंपनीने एकाच ब्रँडची अट खुशाल घालावी. पण करार मोडायचा असेल तर कारण लेखी द्यावे, पुरेशी मुदत द्यावी, न विकलेला माल आणि सुटे भाग परत घ्यावेत. संसदेने एवढे कायद्यात घालावे. पुढची तक्रार मग कदाचित सहीनिशी येईल.