शाखा, चंद्र आणि देवयानी

आकाशात जे दिसतं, ते आत्ता तिथे असतं का? रत्नागिरीच्या कातळसड्यावर कॅमेरा लावून बसलेल्या हौशी छायाचित्रकाराला हा प्रश्न टाळता येत नाही. त्याच्या भिंगात शिरणारा देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला असतो. इथिओपियात गोना इथे सापडलेली दगडी हत्यारं सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे माणसाचे पूर्वज दगड फोडून धार काढायला नुकतेच शिकले होते, त्या सुमाराचा हा प्रकाश. तो आज उक्षीच्या किंवा कशेळीच्या सड्यावर पोहोचतो, जिथे कुणा अनाम माणसांनी हजारो वर्षांपूर्वी जांभ्यात हत्ती कोरून ठेवले.

अशा वेळी छायाचित्रकार नेमकं काय पाहतो? देवयानीला, की तिच्या भूतकाळाला? आणि कॅमेऱ्यातून उतरलेल्या त्या चित्राला ‘प्रत्यक्ष’ म्हणावं का?

आधी हे काम चालतं कसं ते पाहायला हवं. पावसाळ्याचे चार महिने कोकणातलं आकाश बंद असतं. कार्तिक-मार्गशीर्षात हवा निवळते आणि देवयानी रात्रीच्या पहिल्या प्रहरात उत्तरेकडे ६६ अंशांपर्यंत चढते. सड्यावर झाड नाही, घर नाही, चारी दिशांचं क्षितिज मोकळं. त्याची गरजही असते, कारण रत्नागिरी १७ अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो. आंब्याच्या बागेत किंवा डोंगराच्या कुशीत तो दिसतच नाही, आणि ध्रुवाशी अक्ष जुळवल्याशिवाय कॅमेरा ताऱ्यांच्या मागे फिरवता येत नाही. पृथ्वी दर सेकंदाला १५ विकला फिरते. कॅमेरा स्थिर ठेवला तर काही सेकंदांतच तारे लांबून रेघा होतात. म्हणून ट्रायपॉडवर ट्रॅकर बसवायचा, भिंगावर दव धरू नये म्हणून गरम पट्टा गुंडाळायचा आणि एकेक मिनिटाच्या शंभर-दोनशे फ्रेम घ्यायच्या.

देवयानी शोधण्याची रीत मात्र फार जुनी आहे. भाद्रपदा नक्षत्रांच्या मोठ्या चौकोनाचा ईशान्य कोपरा पकडायचा, तिथून निघालेल्या ताऱ्यांच्या रांगेत मिराक या ठळक ताऱ्यापर्यंत जायचं, मग शर्मिष्ठेच्या बाजूला वळून दोन मंद तारे ओलांडायचे. दुसऱ्या ताऱ्याच्या शेजारी धुराच्या बोटासारखा पुसट पट्टा दिसतो. लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवतात ती अशीच. आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की सूक्ष्म ताऱ्याकडे न्यायची. वेदान्त्यांनी त्यावरून अरुंधतीदर्शनन्याय सांगितला. त्यात एक महत्त्वाची अट आहे. पहिल्यांदा दाखवलेली वस्तू शेवटी सोडून द्यायची असते. ती पायरी असते, मुक्काम नव्हे.

देवयानीच्या ज्ञानाचा सगळा इतिहास या अटीवर उभा आहे.

इ.स. ९६४च्या सुमारास पर्शियातल्या अल-सूफीने स्थिर ताऱ्यांवरच्या आपल्या ग्रंथात तिची ‘लहान ढग’ म्हणून नोंद केली. हे निखळ प्रत्यक्ष होतं. डोळ्यांना जेवढं दिसलं तेवढं त्याने लिहिलं. त्यानंतर नऊ शतकांनी, डिसेंबर १८८८मध्ये, आयझॅक रॉबर्ट्स या इंग्लंडमधल्या हौशी निरीक्षकाने लिव्हरपूलजवळच्या आपल्या वेधशाळेतून २० इंची दुर्बिणीने तिचं छायाचित्र घेतलं. पेशाने तो इमारतींचा कंत्राटदार. छायाचित्राच्या काचेवर डोळ्यांना कधीच न दिसलेली गोष्ट उमटली होती. ढगाला वेटोळी होती, काळ्या धुळीच्या पट्ट्या होत्या. विद्वान थक्क झाले. रॉबर्ट्सला वाटलं की एक सूर्यमाला जन्माला येताना आपण पाहिली, आणि शेजारचे दोन लहान ठिपके हे तिचे घडत असलेले ग्रह.

छायाचित्र शंभर टक्के खरं होतं आणि त्याचा अर्थ पूर्ण चुकीचा होता. ते ‘ग्रह’ म्हणजे देवयानीच्या दोन छोट्या सोबती दीर्घिका, आणि ती ‘सूर्यमाला’ म्हणजे अब्जावधी सूर्यांचं विश्व.

त्याच वर्षी पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहत होती. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारचा पैसा यांतून विज्ञान महाविद्यालयातल्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती उभारली. तिची मुख्य दुर्बीणही २० इंचीच, आणि डब्लिनच्या ज्या ग्रब यांनी रॉबर्ट्सची दुर्बीण बनवली त्यांच्याच कारखान्यातली. नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला, आणि २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घ्यायला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला मोहीम नेली. कोणत्या तेजोमेघात वायू आहे आणि कोणत्यात तारे, हा त्या काळचा ज्वलंत प्रश्न होता. छायाचित्र तो सोडवू शकत नव्हतं. प्रकाश उलगडून त्याची साक्ष घ्यावी लागत होती.

देवयानीच्या बाबतीत निर्णायक साक्ष १९२३च्या ५-६ ऑक्टोबरच्या रात्री मिळाली. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर एडविन हबल यांनी घेतलेल्या काचेवर एक ठिपका सापडला. आधी त्यांनी त्यापुढे नवताऱ्याची खूण केली. जुन्या काचा ताडून पाहिल्यावर ती खोडून तिथे ‘रूपविकारी’ अशी नोंद केली. या ताऱ्याचं तेज सुमारे ३१ दिवसांच्या आवर्तनाने कमीजास्त होत होतं. अशा ताऱ्यांचा आवर्तनकाळ आणि खरं तेज यांचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२मध्ये दाखवून दिला होता. त्यावरून हबल यांनी अंतर काढलं, सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचं ठरलं. पुढे १९५२मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवलं की हे रूपविकारी तारे दोन प्रकारचे असतात, आणि ते अंतर दुपटीहून वाढलं. आज ते २५ लाख प्रकाशवर्षं मानलं जातं.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकाच्या भाषेत सांगायचं तर पुसट ढग हे प्रत्यक्ष आणि अंतर हे अनुमान. धुरावरून अग्नी ओळखावा तसं तेजाच्या चढउतारावरून अंतर ओळखलं. अनुमानातली व्याप्ती, म्हणजे खूण आणि वस्तू यांचा नियत संबंध, अपुरी निघाली तेव्हा निष्कर्ष बदलला. काचेवरचा ठिपका बदलला नाही.

आता मूळ प्रश्न. न्यायदर्शनात प्रत्यक्षाची व्याख्या आहे: इंद्रिय आणि वस्तू यांच्या संपर्कातून होणारं, न चुकणारं ज्ञान. मग दूरच्या चंद्राशी डोळ्यांचा संपर्क होतो कसा? नैयायिकांचं उत्तर होतं की डोळ्यांतून तेजाचा किरण निघतो आणि वस्तूपर्यंत पोहोचतो. बौद्ध आचार्यांनी त्यावर नेमका आक्षेप घेतला. झाडाची फांदी आणि तिच्यामागचा चंद्र माणसाला एकाच क्षणी दिसतात. किरण प्रवास करत असेल तर जवळची फांदी आधी आणि दूरचा चंद्र नंतर दिसायला हवा. नैयायिक म्हणाले, दोन्ही एकदम दिसतात हाच भ्रम आहे. कमळाच्या शंभर पाकळ्यांतून सुई एकदमच गेल्यासारखी वाटते, पण ती एकामागून एक छेदत जाते. तसं मधलं अंतर इतकं सूक्ष्म असतं की ते जाणवत नाही.

हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा हा वाद वाचताना आदर वाटतो, कारण दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा एकेक तुकडा होता. बौद्ध बरोबर होते, डोळ्यांतून किरण निघत नाही. नैयायिकही बरोबर होते, फांदी आणि चंद्र खरोखरच एका काळातले दिसत नाहीत. प्रकाशाला वेळ लागतो हे ओले रोमर यांनी १६७६मध्ये गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांवरून दाखवलं. फांदी जवळजवळ याच क्षणीची दिसते, चंद्र सव्वा सेकंदापूर्वीचा आणि देवयानी २५ लाख वर्षांपूर्वीची.

छायाचित्र तर याच्याही पुढे जातं. देवयानीच्या चित्रात विखुरलेले टपोरे तारे तिचे नसतात. ते आपल्याच आकाशगंगेतले, वाटेत उभे असलेले. त्यांचा प्रकाश शेकडो किंवा हजारो वर्षांचा. देवयानीची तबकडी सुमारे दीड लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि आपल्याला ती बरीच तिरपी दिसते. त्यामुळे तिच्या अलीकडच्या कडेचा प्रकाश आणि पलीकडच्या कडेचा प्रकाश यांत लाखभर वर्षांचं अंतर पडतं. ज्या क्षणी ती चित्रात दिसते तशी होती, असा एकही क्षण नाही. त्या चौकटीत अनेक काळ एकत्र आलेले असतात, आणि त्यांना एकत्र आणणारं स्थान म्हणजे पाहणाऱ्याचा कॅमेरा.

इथून एक उडी सहज मारली जाते. ‘जे दिसतं ते नाहीच, सगळे तारे कधीच विझले, जग ही माया,’ असं अनेकदा ऐकू येतं. ही उडी खगोलशास्त्रातही चुकते आणि वेदान्तातही. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे बहुतेक काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले आहेत. बहुतेक ताऱ्यांचं आयुष्य कोट्यवधी ते अब्जावधी वर्षांचं असतं, तेव्हा आज दिसणारे जवळपास सगळे तारे आजही तेवत आहेत. देवयानीला २५ लाख वर्षं म्हणजे फार मोठा काळ नाही. तिच्यातले काही अतिप्रचंड तारे मधल्या काळात फुटले असतील, पण ती दीर्घिका आजही आहे हे अनुमान अतिशय भक्कम आहे. आणि शंकराचार्यांच्या मायावादातही व्यवहारातली सत्ता नाकारलेली नाही. दोरीवर साप दिसतो तो अंधारामुळे; उजेड आला की दोरी कळते. देवयानीच्या बाबतीत प्रकाश हा भ्रमाचं कारण नाही, तोच पुरावा आहे. जुना प्रकाश खोटा नसतो. तो फक्त ‘होतं’ असं सांगतो, ‘आहे’ हे आपण त्यावरून ठरवतो.

मग चित्रावर होणाऱ्या संस्कारांचं काय? डोळा प्रकाश सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरताच साठवतो, कॅमेरा मिनिटभर. शंभर फ्रेम एकमेकींवर रचल्या की कॅमेऱ्याचा गोंधळ मूळ संकेताच्या तुलनेत दहापट कमी होतो. भिंग झाकून घेतलेल्या काळ्या फ्रेम वजा करायच्या, उजळ पृष्ठभागाच्या फ्रेमने भागायचं, मग अंधारात दडलेला संकेत ताणून वर आणायचा. तेव्हा निळसर वेटोळी, पिवळट गाभा आणि गुलाबी तेजोमेघ दिसू लागतात. यातली प्रत्येक क्रिया प्रकाशाने आणलेल्या नोंदीवर चालते, नवं काही घालत नाही. म्हणून हे चित्र डोळ्यांना कधीच तसं दिसत नसलं, तरी ते कल्पित ठरत नाही. कॅमेरा हे लांबवलेलं इंद्रिय आहे आणि रचलेलं चित्र हे त्याचं सविकल्प, म्हणजे तपशील ओळखून झालेलं, प्रत्यक्ष.

पण एक सीमारेषा आहे. काही मोबाइल कॅमेरे चंद्र ओळखतात आणि नोंदीत नसलेला तपशील स्वतःच भरतात. चित्र स्वच्छ करणाऱ्या नव्या प्रणालींनाही दीर्घिका ‘कशी दिसायला हवी’ हे शिकवलेलं असतं. तिथे प्रकाशाची साक्ष संपते आणि सांगीवांगी सुरू होते. ते चित्र देवयानीचं राहत नाही, इतरांनी काढलेल्या देवयानीच्या चित्रांचं होतं.

ही रेषा पाळण्याने काय मिळतं, याचं अलीकडचं उदाहरण हौशी मंडळींचंच आहे. २०२२मध्ये फ्रान्सच्या यान सांती यांनी देवयानीचे वेध घेतले. त्यांच्या, मार्सेल ड्रेक्सलर यांच्या आणि झाविए स्त्रोत्नेर यांच्या चित्रात दीर्घिकेशेजारी निळसर प्रकाशाची एक लांबलचक कमान उमटली. आकाशातल्या सर्वाधिक वेळा टिपल्या गेलेल्या दीर्घिकेजवळ असं काही असेल, असं कुणालाही वाटलं नव्हतं. आयनीभूत ऑक्सिजनच्या नेमक्या रंगाची गाळणी लावून अनेक तास प्रकाश साठवल्यावरच ती दिसली. ‘हा कॅमेऱ्याचा दोष असेल’ ही शंका त्यांनी स्वतःच आधी घेतली आणि इतर दुर्बिणींतून पडताळणी झाल्यावर २०२३च्या जानेवारीत शोध जाहीर झाला. कमान देवयानीच्या जवळ आहे की आपल्याच आकाशगंगेत वाटेवर आहे, यावर पुढे अभ्यासकांत चर्चा झाली. कमान हे प्रत्यक्ष, तिची जागा हे अनुमान. पुन्हा तीच दोन प्रमाणं, आणि ती वेगळी ठेवण्याचा तोच शहाणपणा.

रत्नागिरी जिल्ह्याला या शहाणपणाचा वारसा आहे. दापोलीजवळच्या मुरूडला १८५३मध्ये जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षकी पेशात राहून ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा १८९६चा ग्रंथ लिहून गेले. ग्रंथ काय सांगतात आणि आकाशात काय दिसतं, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासलं. परंपरेविषयी आदर असूनही तिच्या बाजूने हिशेब झुकवला नाही. आज रत्नागिरीत माळनाक्याला नगरपरिषदेचं तारांगण आहे आणि खऱ्या आकाशासाठी सडे आहेत.

तेव्हा या हिवाळ्यात जे कुणी देवयानीकडे कॅमेरा वळवतील त्यांना एवढीच विनंती. चित्राखाली किती फ्रेम घेतल्या, किती वेळ प्रकाश साठवला, कोणती गाळणी लावली, कोणती प्रणाली वापरली आणि तिने स्वतःचं काही घातलं का, हे लिहा. पाहणाऱ्याला कळू द्या की प्रकाशाने काय आणलं आणि तुम्ही काय ठरवलं. आणि सड्याच्या कडेला घर, हॉटेल किंवा रिसॉर्ट बांधणाऱ्यांनी दिव्यांचं तोंड जमिनीकडे ठेवावं, कारण २५ लाख वर्षांचा प्रवास करून आलेला प्रकाश शेवटच्या क्षणी एका उघड्या बल्बमुळे हरवू शकतो.