उत्तरेस जावे काय?

नाताळ आठ दिवसांवर आला होता. रात्रीचे जेवण आटोपून आम्ही दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेची टिपणे काढीत होतो, इतक्यात फोन वाजला. कॅनडातून आमच्या एका जुन्या मित्राचा मुलगा बोलत होता. तो येथील बडोद्याच्या मंडळीत लहानाचा मोठा झाला. आमच्या शब्बाथशाळेच्या वर्गात तो पहिल्या बाकावर बसे आणि योनाची गोष्ट निघाली की मासा किती मोठा होता, एवढाच प्रश्न दर वर्षी विचारी. आता तो तिशी ओलांडलेला, बायको व चार वर्षांची मुलगी असलेला गृहस्थ आहे. कर्ज काढून तो विमान चालवायला शिकला. व्यावसायिक परवाना हाती आला, पण नोकरी मिळेना. आता मिळत होती, परंतु ती दूर उत्तरेकडच्या एका तळावर.

"काका, जाऊ का?" त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, "जा बाळ. देव तुझ्याबरोबर आहे."

फोन ठेवला, दिवा मालवला, पण झोप येईना. मनात आले, आपण त्याला आशीर्वाद दिला खरा, पण त्याला काहीएक न विचारता दिला. लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आम्ही हिशेब केला नव्हता आणि त्यालाही करू दिला नव्हता. वाचकहो, त्या रात्रीपासून या प्रश्नाचा जो विचार आम्ही केला, तो आपल्यापुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी वैमानिक असेल. परंतु दूरच्या जागी जावे की न जावे, हा प्रश्न आला नाही असे घर सापडणे कठीण.

प्रथम ती जागा समजून घेऊ. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात इग्नेस नावाच्या गावापासून एक रस्ता उत्तरेस जातो. सुमारे २९० किलोमीटर गेल्यावर पिकल लेक नावाची काही शे वस्तीची जागा लागते. बारमाही रस्त्याने पोहोचता येईल असे त्या प्रांतातले हे सर्वांत उत्तरेचे गाव. त्यापलीकडे सरोवरे, दलदल आणि अरण्य. त्या अरण्यात क्री आणि ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. कडाक्याच्या थंडीत सरोवरे गोठली म्हणजे त्यांवरून काही आठवडे मालमोटारी जातात. पण हिवाळे उबदार होऊ लागल्याने हे बर्फाचे रस्तेही बेभरवशाचे झाले आहेत. २०२४ च्या हिवाळ्यात ते वेळेवर तयार होईनात, म्हणून तेथील लोकांच्या संघटनेला आणीबाणी जाहीर करावी लागली. उरलेल्या वर्षभर दूध, पीठ, औषध, शिक्षक, आजारी माणूस आणि शवपेटी, सर्व काही विमानानेच जाते-येते.

आता नोकरी. त्या देशात २०० तासांचे उड्डाण झाले की व्यावसायिक परवाना मिळू शकतो. मोठ्या विमान कंपनीत कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तास हवेत. मधले तेराशे तास कोठून आणायचे? नवशिक्याला शहरात कोणी विमान देत नाही. म्हणून पुष्कळ तरुण उत्तरेस जातात. पहिले काही महिने, कधी वर्षभरही, जमिनीवरच राबावे लागते: सामान चढवणे, इंधन भरणे, पंखांवरचा बर्फ काढणे. उणे ४० अंशांत इंजिनावर आच्छादन घालून ते गरम ठेवावे लागते. जुन्या काळचे वैमानिक तर रात्री इंजिनातले तेल काढून घेत आणि सकाळी ते तापवून पुन्हा ओतीत. मग एक दिवस सहवैमानिकाच्या जागेवर बसायला मिळते आणि तास जमू लागतात. पुरेसे जमले की बहुतेक जण दक्षिणेकडच्या शहरात परततात.

म्हणजे उत्तर ही एक शिडी आहे. येथेच आमचा पहिला प्रश्न उभा राहिला: माणसे राहतात त्या जागेची शिडी करावी काय?

घाईने दोष देऊ नये. आपल्या मंडळ्यांतले कितीतरी शिक्षक, परिचारिका, डॉक्टर आणि पाळकही खेड्यातल्या पहिल्या नेमणुकीवर दिवस मोजत बसलेले आम्ही पाहिले आहेत. पुढे जाण्याची इच्छा हे पाप नव्हे. आजारी बाईला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या विमानात वैमानिकाच्या मनात काय चालले आहे, याने तिचा ताप वाढत नाही की उतरत नाही. तास मोजणारा वैमानिकही तिला पोहोचवतोच.

हे खरे असले तरी पुरेसे नाही. जो फक्त मोजतो, त्याला समोरचा माणूस दिसेनासा होतो. दर दोन वर्षांनी नवा चेहरा येतो, कोणाचे नाव शिकत नाही आणि निघून जातो. अशा वस्तीतल्या लोकांना आपण कोणाच्या तरी वाटेवरचे टप्पे आहोत, हे कोणी न सांगताही कळते. आणखी एक धोका आहे. तासांची हाव असलेल्याला खराब हवामानात "आज उडणार नाही" असे म्हणणे जड जाते. अशा वेळी मनातला हेतू मनात राहत नाही, त्याची किंमत मागे बसलेल्यांना मोजावी लागते.

उत्तरेच्या इतिहासातल्या दोन घटना येथे सांगण्याजोग्या आहेत. १९२८ साल संपता संपता अल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागात घटसर्पाची साथ उद्भवली. डॉक्टरांचा निरोप घेऊन माणसे बर्फातून कित्येक दिवस प्रवास करीत तारघरापर्यंत गेली. मग २ जानेवारी १९२९ रोजी वॉप मे आणि व्हिक हॉर्नर हे दोघे एडमंटनहून एका उघड्या, चिमुकल्या विमानातून प्रतिविष घेऊन निघाले आणि दुसऱ्या दिवशी फोर्ट व्हर्मिलियनला पोहोचले. ते परतले तेव्हा स्वागताला हजारोंची गर्दी लोटली. ते त्या मानाला पात्रच होते. पण निरोप घेऊन बर्फातून आलेल्यांसाठी अशी गर्दी जमली नाही, आणि त्यांच्यावाचून विमान उडालेच नसते.

दुसरी घटना ८ नोव्हेंबर १९७२ ची. केंब्रिज बे येथून यलोनाइफच्या रुग्णालयाकडे निघालेले एक विमान वाट चुकून हॉटा सरोवराजवळ कोसळले. विमानात एक परिचारिका, एक गरोदर इन्युइट स्त्री आणि डेव्हिड कूटूक नावाचा चौदा वर्षांचा इन्युइट मुलगा होता. त्या दोघी मरण पावल्या. वैमानिक मार्टिन हार्टवेल यांचे पाय मोडले होते. डेव्हिड स्वतः आजारी, उपचारासाठीच निघालेला. तरी त्याने लाकडे गोळा केली, विस्तव पेटता ठेवला आणि वैमानिकाची काळजी घेतली. सुमारे तीन आठवड्यांनी तो मुलगा गेला. अपघातापासून ३१ दिवसांनी शोधपथक पोहोचले, तेव्हा वैमानिक जिवंत होता. मदत करायला कोण निघाले होते आणि प्रत्यक्षात कोणी कोणाला वाचवले, याचा विचार उत्तरेस जाणाऱ्याने करावा. आपण देणारे आणि ते घेणारे, हा समज तेथे टिकत नाही.

दुसरा प्रश्न आमच्याच घरचा आहे. आपल्यात एक शब्द फार सहज वापरला जातो: पाचारण. मुलाने फोनवर तोच वापरला होता. "काका, हे पाचारणच असावे." आम्हीही मान डोलावली. पण आता विचारतो, त्याच्या बायकोला कोणी विचारले? ती परिचारिका आहे. विनिपेगमध्ये राहून तेथील नोंदणीची परीक्षा देण्याच्या तयारीत आहे. मुलीची शाळा नुकतीच सुरू झाली आहे. नवरा "मला ही नोकरी हवी आहे" असे म्हणाला, तर ती वाद घालू शकते. तो "देवाने मला बोलावले आहे" असे म्हणाला, तर ती काय बोलणार? नवऱ्याशी वाद घालता येतो, देवाशी कसा घालायचा? पाचारण हा शब्द दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरला गेला, तर तो देवाचे नाव व्यर्थ घेण्याहून फार वेगळा नाही. खरे पाचारण असेल तर ते तिच्या प्रश्नांपुढे टिकेल. टिकत नसेल, तर ती आपली इच्छा होती एवढे तरी कळेल.

उत्पत्तीच्या १३ व्या अध्यायातला लोट आठवा. त्याने डोळे वर करून यार्देनेचे हिरवे खोरे पाहिले आणि निवड केली. तेथील माणसे कशी आहेत, घरच्यांचे तेथे काय होईल, हे त्याने विचारल्याचे कोठे लिहिलेले नाही. वैमानिकाच्या डोळ्यांपुढचे खोरे हिरवे नसून पांढरे असेल, पण नुसते डोळ्यांनी निवडले तर चूक तीच होते.

तिसरा मुद्दा लिहिताना हात जड होतो. उत्तरेस मंडळीही गेली होती, आणि पाचारण म्हणूनच गेली होती. १९३३ साली आर्क्टिकचे पहिले अँग्लिकन बिशप झालेले आर्चिबाल्ड फ्लेमिंग विमानाने प्रवास करीत, म्हणून त्यांना उडते बिशप म्हणत. दूरच्या वस्त्यांपर्यंत उपासना व औषधोपचार पोहोचले, हे नाकारता येत नाही. पण त्याच काळात मूळ रहिवाशांची लेकरे आईबापांपासून तोडून निवासी शाळांत नेली जात होती, आणि त्यांतल्या बहुतेक शाळा मंडळ्याच चालवीत. सू लुकआउट या गावाजवळही अँग्लिकन मंडळीची अशी एक शाळा होती. देशभरात सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. कित्येकांची भाषा गेली, कित्येकांवर अत्याचार झाले, कित्येक घरी परतलीच नाहीत. १९९३ साली वायव्य ऑन्टॅरिओतल्या मिनाकी येथे आर्चबिशप मायकेल पीअर्स यांनी अँग्लिकन मंडळीच्या वतीने क्षमा मागितली. नेणाऱ्यांपैकी अनेकांची भावना प्रामाणिक असेल. पण चांगुलपणा देणाऱ्याच्या भावनेवरून ठरत नाही, घेणाऱ्याच्या दारात काय उरले यावरून ठरतो. म्हणून एक गोष्ट आम्हांला विचित्र वाटली तरी खरी वाटते: "मी पगारासाठी आणि तासांसाठी जात आहे" असे सरळ सांगून नीट काम करणारा तरुण, उदात्त शब्द घेऊन जाणाऱ्यापेक्षा कमी नुकसान करील.

येथे असलेल्या आईवडिलांचे काय? त्याच्या वडिलांशी आम्ही बोललो. ते म्हणाले, "विनिपेग काय आणि ते पिकल लेक काय, आम्हांला दोन्ही सारखेच लांब." पण ते पूर्ण खरे नाही. वादळात विमाने थांबली तर तेथून निघायलाच दिवस जातात. आईच्या शेवटच्या घटकेला पोहोचता येणार नाही, ही शक्यता आधी बोलून ठेवली पाहिजे. न बोललेले दुःख पुढे दोषारोप होऊन बाहेर पडते.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुलाला पत्र लिहिले. आधीचा आशीर्वाद घाईने दिला होता, हे कबूल केले आणि तीन प्रश्न विचारले. पहिला: सूनबाईने "नाही" म्हटले तर ते "नाही" खरेच मोजले जाईल काय? दुसरा: बढती लांबेल हे ठाऊक असूनही खराब हवेत उड्डाण नाकारण्याची तुझी तयारी आहे काय? तिसरा: ही दोन वर्षे तू वाट पाहण्यात घालवणार, की जगणार? यिर्मयाने बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र पाठवून घरे बांधा, मळे लावा, त्या नगराचे हित पाहा असे सांगितले होते. त्यांना तेथे कायमचे राहायचे नव्हते, हे त्यालाही ठाऊक होते. परत जायचे आहे म्हणून उपरे राहावे, असे त्याने सांगितले नाही.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. नवरा-बायको प्रथमच या विषयावर मोकळेपणाने बोलली, आणि ते बोलणे गोड नव्हते, असे त्याने लिहिले. शेवटी ठरले ते असे: तिने परीक्षा होईपर्यंत मुलीसह शहरातच राहायचे, त्याने एक हिवाळा एकट्याने काढायचा, आणि उन्हाळ्यात तिने स्वतः तेथे जाऊन जागा पाहावी. तिला पटले नाही तर तो परतेल. या अटीवर तो गेला आहे. हा निर्णय बरोबर ठरेल की नाही, हे आम्हांला आज सांगता येत नाही. लेकीची आठवण येते, हात बधिर होतात, अजून एकही तास जमलेला नाही, असे तो लिहितो. पण सामान उतरवताना भेटणाऱ्या माणसांची नावे त्याने वहीत लिहायला सुरुवात केली आहे, हे वाचून आम्हांला बरे वाटले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. अब्राहामाच्या प्रवासाचा धडा शिकवाल, तेव्हा मुलांना एवढेच सांगून थांबू नका की तो निघाला. बरोबर कोण कोण होते, ज्या देशात ते गेले तेथे आधीपासून कोण राहत होते, हेही विचारा. उद्या त्यांच्यातला कोणी परदेशातून रात्री फोन करील. त्या वेळी आमच्यासारखे चटकन "जा" म्हणू नका आणि भिऊन "नको" असेही म्हणू नका. त्याच्याबरोबर हिशेबाला बसा.