अन्ना दस्तयेवस्काया : लेखन, संसार आणि प्रकाशन

अन्ना ग्रिगोर्येव्हना स्नित्किना हिचा जन्म १८४६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. रशियात तेव्हा नवे असलेले लघुलेखन ती वर्गाला जाऊन शिकली आणि ऑक्टोबर १८६६मध्ये, विसाव्या वर्षी, शिक्षकांच्या शिफारशीने कादंबरीकार फ्योदोर दस्तयेवस्की यांच्याकडे कामाला गेली. ते ४४ वर्षांचे, विधुर आणि दिवंगत भावाच्या मासिकाच्या कर्जाने बेजार होते. १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हाती पडली नाही, तर पुढील नऊ वर्षांचे त्यांचे सारे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशक स्टेलॉव्स्की याला मिळणार होता.

दस्तयेवस्की दुपारी मजकूर सांगत. अन्ना तो लघुलिपीत टिपून घेई आणि घरी त्याची सुवाच्य प्रत तयार करी. दुसऱ्या दिवशी ते तीवर दुरुस्त्या करत. अशा रीतीने 'जुगारी' २६ दिवसांत पुरी झाली. ठरल्या दिवशी प्रकाशक गावात नव्हता आणि त्याच्या कचेरीने हस्तलिखित घेतले नाही. हा धोका ओळखून अन्नाने कायदेशीर सल्ला आधीच मिळवून ठेवला होता. त्यानुसार हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा केले गेले आणि त्याची रीतसर पोच मिळाली. लेखकाचे हक्क वाचले.

फेब्रुवारी १८६७मध्ये दोघांचा विवाह झाला. सावकारांचा तगादा आणि नातेवाइकांच्या मागण्या थांबेनात, तेव्हा अन्नाने लग्नात मिळालेल्या वस्तू गहाण टाकून परदेशी जाण्याचा खर्च उभा केला. चार वर्षे हे बिऱ्हाड जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटलीत फिरत राहिले. रूलेटच्या जुगारात दस्तयेवस्की पैसे घालवत आणि पाठोपाठ तिचे दागिने, कपडे गहाण पडत. पहिली मुलगी जिनिव्हात तीन महिन्यांची होऊन गेली. या हलाखीतही 'इडियट' या कादंबरीचे काम थांबले नाही. १८७१मध्ये दस्तयेवस्कींनी जुगार कायमचा सोडला आणि त्याच वर्षी कुटुंब मायदेशी परतले.

तिच्या कर्तृत्वाचा सर्वांत भरीव भाग यानंतरचा आहे. सावकारांशी बोलणी तिने स्वतःकडे घेतली आणि हप्ते ठरवून दिले. लेखक आगाऊ रकमेवर जगतो आणि पुस्तकाचा नफा दुसऱ्याकडे जातो, हे दुष्टचक्र तोडायचे तर पुस्तक स्वतःच छापले पाहिजे, हे तिने हेरले. छपाईचे दर, कागदाची उधारी, विक्रेत्यांना द्यायची सूट यांची चौकशी करून तिने १८७३मध्ये दस्तयेवस्कींच्या 'डेमन्स' या कादंबरीच्या ३,५०० प्रती काढल्या. विक्री राहत्या घरातून झाली. दुकानांची माणसे प्रती घ्यायला येत. जितक्या जास्त प्रती, तितकी सूट जास्त, हा तिचा हिशेब पक्का होता आणि व्यवहार शक्यतो रोखीचा असे. १८८०मध्ये तिने बाहेरगावच्या वाचकांना पुस्तके पाठवणारी विक्रीव्यवस्थाही सुरू केली. जुनी कर्जे अखेर फिटली. 'ब्रदर्स करामाझोव' ही शेवटची कादंबरी दस्तयेवस्कींनी तिलाच अर्पण केली.

लेखकपत्नीच्या आयुष्याला त्याग म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. अन्नाने सोसले पुष्कळ. पण तिचे मोल केवळ सोसण्यावरून ठरवणे अन्यायाचे आहे. लघुलेखन हे तिचे शिकून कमावलेले कौशल्य होते, प्रकाशन हा तिने स्वतः उभारलेला व्यवसाय होता. त्या कादंबऱ्या दस्तयेवस्कींच्या प्रतिभेच्या, पण त्या लिहून होण्यासाठी लागणारी शिस्त आणि निर्धास्तपणा तिने मिळवून दिला.

१८८१मध्ये पती गेले तेव्हा ती ३४ वर्षांची होती. तिने पुन्हा लग्न केले नाही. पतीच्या समग्र साहित्याच्या आवृत्त्या काढल्या, स्तारया रुसा येथे त्यांच्या नावाने शाळा उभारली, हस्तलिखिते आणि वस्तू जमवून मॉस्कोच्या ऐतिहासिक संग्रहालयात दालन मांडले आणि १९०६मध्ये त्यांच्याविषयीच्या साहित्याची विस्तृत सूची प्रसिद्ध केली. १९१८मध्ये याल्टा येथे तिचे निधन झाले. तिच्या आठवणी १९२५मध्ये ग्रंथरूपाने आल्या. १८६७ची तिची दैनंदिनी तिने स्वतः बदल करून घेतलेल्या लघुलिपीत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लघुलिपीतज्ज्ञ पोशेमान्स्काया यांनी ती उलगडली. दस्तयेवस्कींच्या परदेशातील दिवसांचा तो आज पहिल्या प्रतीचा पुरावा आहे.